त्रयस्थ कसे व्हावे

तीनच्या सुमारास पहिली पाळी सुटते, दुसरी आत येते. चाकण असो, रांजणगाव असो की नाशिकचं अंबड, त्या वीस मिनिटांत कंपनीच्या आवारात बसगाड्यांची जी मागे-पुढे चालते ती पाहण्यासारखी असते. क्लीनर मागच्या पत्र्यावर थापा मारत ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत राहतो, आणि एखाद्या दिवशी त्याच्या तोंडून ‘बास’ निघायच्या आत तुमच्या उभ्या मोटारीच्या दारातून ‘धप्प’ निघतं. प्रस्तुत मार्गदर्शन या क्षणापासून सुरू होतं. भर रस्त्यात अनोळखी माणसानं ठोकलं तर काय करायचं, हे आपल्याला शिकवावं लागत नाही: काच खाली करायची आणि आवाज वर. पण ठोकणारा जर दर महिन्याला आपल्या खात्यात पगार जमा करणारा असेल, तर आवाजाची पट्टी कोणती लावावी, याचं शिक्षण कुठल्याच शाळेत मिळत नाही. कंपनी वर्षभर ‘आपण सगळे एक कुटुंब’ असं म्हणत असते. मोटार वाहन कायदा, १९८८, मात्र तुम्हाला ‘त्रयस्थ’ म्हणतो. दाराला पोचा पडलेल्या माणसानं या दोन नात्यांपैकी कायद्यानं जोडलेलं नातं धरावं, एवढंच माझं म्हणणं आहे. कुटुंबात भरपाई मागत नाहीत, समजून घेतात. आणि समजून घेतल्यानं पोचा निघाल्याचं डेंटिंगच्या धंद्यातल्या कोणीही आजवर पाहिलेलं नाही.

त्रयस्थपणाची सुरुवात फडक्यापासून होते. म्हणजे फडकं न मारण्यापासून. मराठी माणूस ओरखडा दिसला की आधी बोटाला थुंकी लावून तो चोळतो, मग रुमाल काढतो. हे साफ चुकीचं. दाराच्या चंदेरी रंगावर उमटलेली ती पिवळी रेघ म्हणजे बसनं तुम्हाला दिलेली सही आहे. ती पुसली की उरतो तो नुसता पोचा, आणि पोच्याला आई-बाप नसतात. फोटो काढताना एक जवळून काढावा, एक असा काढावा की मोटारीचा नंबर आणि मागची भिंत दोन्ही दिसेल, आणि तिसरा बसच्या बंपरच्या कोपऱ्याचा, जिथे तुमचा चंदेरी रंग गेलेला आहे. जमिनीपासून ओरखड्याची उंची टेपनं मोजावी, बंपरचीही मोजावी. हे करताना भोवती गर्दी जमेल, कोणीतरी ‘सीआयडी आले’ म्हणेल, मोजत राहावं. गेटवरच्या वॉचमनच्या रजिस्टरात बस आत आल्याची वेळ असते, तिचा फोटो घ्यावा. कॅमेऱ्याचं चित्रण मात्र तोंडी मागू नये, त्याच दिवशी ईमेलनं मागावं, कारण जुन्यावर नवं चढत जातं आणि मग सगळे प्रामाणिकपणे हळहळतात. शेवटी बसच्या दाराखाली बारीक अक्षरांत काय रंगवलं आहे ते वाचावं. काचेमागे दोरीनं लटकलेली पाटी कंपनीच्या नावाची असली, तरी बस बहुधा ठेकेदाराची निघते. म्हणून पत्र दोघांनाही जाईल, हे आत्ताच ठरवून टाकावं; नाहीतर कंपनी ठेकेदाराकडे बोट दाखवेल, ठेकेदार कंपनीकडे, आणि तुम्ही दोन बोटांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभे राहाल.

आता पहिला आक्षेप. तो भिंतीवर लिहिलेलाच असतो: ‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर उभी करावीत.’ ॲडमिनचे साहेब या पाटीकडे हात करतील. पाटी ज्यानं रंगवली त्याला मराठी भाषेची गंमत ठाऊक नसावी. कारखान्यात ‘मालक’ म्हटलं की कोण डोळ्यांपुढे येतो? मोटारवाला खचित नव्हे. तेव्हा पाटीतला मालक नेमका कोण, हा प्रश्न अत्यंत नम्रपणे विचारावा. विनोद बाजूला ठेवला तरी पाटी टिकत नाही. दिल्लीतल्या एका हॉटेलानं पार्किंगसाठी किल्ली घेतलेली मोटार चोरीला गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली सांगितलं, की स्वतःचा निष्काळजीपणा दिसत असताना अशा अटीआड लपता येत नाही. तिथे निदान चोर बाहेरचा होता. इथे मोटार सांभाळण्यात कसूर झाली असं कोणी म्हणतच नाही; कंपनीच्या कामावरचीच गाडी येऊन आदळली आहे. दुसरी पळवाट जरा शिकलेली असते: आवार खासगी आहे, आणि सक्तीचा विमा तर ‘सार्वजनिक जागे’तल्या वापरासाठी. याचं उत्तर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं १९८८ मध्येच, पांडुरंग चिमाजी आगळे यांच्या खटल्यात, देऊन ठेवलंय: जागा खासगी मालकीची असली आणि आत येण्यावर नियंत्रण असलं, तरी लोकांना तिथे प्रवेश असेल तर ती सार्वजनिकच. निकाल जुन्या १९३९ च्या कायद्यावरचा आहे खरा, पण गेटपास दाखवून रोज आत येणाऱ्याला तो पाठ असायला हरकत नाही.

एवढ्यावर साहेब नरमतात आणि खरा हुकमी पत्ता टाकतात: ‘अहो, इन्शुरन्स आहे ना तुमचा?’ हे वाक्य इतक्या मायेनं उच्चारलं जातं की भलेभले विरघळतात. इथे कागद-पेन्सिल काढावी. समजा, डेंटिंग-पेंटिंगचा खर्च चौदा हजार आहे, तुमच्या पॉलिसीत स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा हप्ता बोनसआधी १२,००० रुपये आहे आणि पाच वर्षं दावा न केल्यानं तुम्ही पन्नास टक्के नो क्लेम बोनसवर पोचला आहात. म्हणजे ६,००० वाचतात. दावा केलात की पुढच्या नूतनीकरणाला बोनस शून्य. मग पुन्हा शिडी: वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पन्नास. हप्ता तेवढाच धरला तर वर्षागणिक ६,०००, ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६०० असे जास्तीचे जातात. बेरीज १५,०००. १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला दर दाव्यामागे सक्तीचे १,००० स्वतः भरावे लागतात, ते धरून १६,०००. झीरो डेप घेतलेलं नसेल तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागांच्या किमतीतले पन्नास टक्के घसाऱ्यात कापले जातात, ते वेगळंच. मोटारीची किंमत दर वर्षी उतरते, तेव्हा प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येईल; पण चौदा हजारांच्या डेंटिंग-पेंटिंगसाठी पंधरा-सोळा हजारांची तयारी ठेवायला सांगणारी ही माया आहे, एवढं दिसायला पुरे. उलट ठेकेदाराच्या पॉलिसीत त्रयस्थाच्या मालमत्तेचं नुकसान भरून द्यायची मर्यादा सहसा साडेसात लाखांची असते. हप्त्यात थोडी सूट मिळावी म्हणून ती सहा हजारांवर आणलेली पॉलिसीही निघते, तेव्हा प्रत मागून घ्यावी. त्या रकमेपलीकडचं देणं संपत नाही; ते फक्त विमा कंपनीकडून बसमालकाच्या खिशाकडे सरकतं.

मला मनापासून आदर वाटतो तो पुढच्या आक्षेपाचा: ‘ड्रायव्हर गरीब आहे हो, त्याच्या पगारातून जाईल.’ हे खरं आहे, आणि म्हणूनच आपसात मिटवू नये. ‘आपण बघून घेऊ’ म्हणून जे मिटतं ते बहुतेक त्याच्याच पगारातून मिटतं; कागदावर जे येतं ते विम्यातून जाऊ शकतं. कामगाराचा पगार नुकसानीपोटी कापण्याआधी त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी, हे आधी १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यानं सांगितलं होतं, आता वेतन संहिता सांगते. तोंडी तडजोडीत ही संधी कोण देतो? शिवाय कामावर असताना नोकराच्या हातून झालेल्या चुकीची भरपाई मालकानं द्यायची, हे तत्त्व इतकं जुनं आहे की त्यावर वाद घालणारा साहेब वेळ काढतोय असं खुशाल समजावं. एक अपवाद ध्यानात असू द्या. अहमदाबादच्या एका टॅक्सीच्या प्रकरणात, ड्रायव्हरऐवजी क्लीनर लायसन्सच्या परीक्षेसाठी गाडी चालवत असताना अपघात झाला, आणि १९६६ साली सर्वोच्च न्यायालयानं मालकाला मोकळं सोडलं. तेव्हा स्टिअरिंगवर नेमकं कोण होतं हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यावं. ‘येऊ द्या’ म्हणणारा खाली होता याची खात्री झालेली बरी.

राहता राहिलं वैर. ‘चौदा हजारांसाठी अप्रायझल घालवणार का?’ असं घरचे विचारतील, शेजारच्या टेबलावरचे विचारतील, आणि मार्च जवळ आला असेल तर तुम्ही स्वतःलाच विचाराल. पण अप्रायझल बिघडतं ते चिडचिडीनं. पत्रानं कसं बिघडेल? जो माणूस कँटीनमध्ये तीन महिने त्याच पोच्याची गोष्ट सांगत फिरतो, तो साहेबांच्या जास्त डोळ्यांवर येतो. पत्र कोरडं असावं: तारीख, वेळ, बसचा नंबर, फोटो, दोन गॅरेजची कोटेशनं, पंधरा दिवसांची मुदत. विशेषणं शून्य. पोलीस ठाण्यात नोंद करून तिची प्रत जोडावी. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण फक्त जखमा-मृत्यूंसाठी असतं असा समज आहे. त्रयस्थाच्या मालमत्तेचं नुकसानही तिथे मागता येतं. २०१९ च्या दुरुस्तीनं त्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. चौदा हजारांसाठी तिथे कोणी जात नाही, आणि जावं असंही मी म्हणत नाही. पण पत्राच्या शेवटच्या ओळीत त्याचा उल्लेख असला की पत्र लवकर वाचलं जातं. सरकारी नोकरांची गत न्यारी. सरकारच्या मालकीच्या आणि सरकारी कामावरच्या जीपला सक्तीच्या विम्यातून सूट आहे, आणि सरकारवर दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस. साहेबांच्या जीपनं तुमची मोटार चेपली असेल, तर रिकामा वेळ असेल तेव्हा अर्ज टंकावा आणि आवक-जावकचा शिक्का घ्यायला विसरू नये.

पैसे आले की पावतीवर सही मागतात. ती वाचावी. ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेलं असेल, तर आधी दार दोनदा उघडून-लावून बघावं, काच वरखाली करावी, पावसाचं पाणी आत येतंय का तेही बघावं. पोचा काढणाऱ्याला बिजागरी दिसतेच असं नाही. मग सही करावी, ड्रायव्हरला कटिंग चहा पाजावा, आणि दुसऱ्या दिवसापासून मोटार एमडींच्या गाडीला खेटून लावावी. त्या कोपऱ्यावर बस वळवताना क्लीनर खाली उतरून दोन्ही बाजूंनी बघतो, आणि ‘बास’ चार फूट आधी म्हणतो. एमडींची जागा राखीव असते. तिच्या शेजारची नसते.