बादली घेऊन धावणारी माणसे

महाविद्यालयीन ख्रिस्ती उपासनेत विद्यार्थ्याला येणारा आध्यात्मिक अनुभव हा धर्मानुभवाचा एक स्वतंत्र पोटप्रकार मानावा लागतो, कारण तो बहुधा सतरा ते बावीस या वयात, रात्रीचे जेवण आणि अभ्यासाची घंटा यांच्या मधल्या वेळात, आणि परीक्षेच्या वेळापत्रकाशी काहीशी संशयास्पद जवळीक राखून येतो. या अनुभवावरचे साहित्य विपुल आहे. परंतु ज्याला अनुभव आला त्याच्याविषयी त्यात पानेच्या पाने लिहिलेली असतात, आणि त्याच वेळी त्याच सतरंजीवर बसलेल्या, स्वतःला काहीही अनुभव न आलेल्या, किंबहुना याला घेरी आली की काय या काळजीने पाण्याची बाटली शोधणाऱ्या शेजाऱ्याविषयी मात्र सहसा एक ओळही नसते. वस्तुतः पवित्र आत्म्याचा अग्नी उतरल्याची पहिली बातमी जगाला या शेजाऱ्याकडूनच कळते आणि तो अग्नी कोणत्या जातीचा होता याची पहिली चौकशीही तोच करतो, त्यामुळे त्याला वगळून केलेले विवेचन एकतर्फी ठरते.

बिदर आणि कलबुर्गी (जुन्या पिढीच्या तोंडी अजूनही गुलबर्गा) या सीमावर्ती जिल्ह्यांत हा शेजारी विशेष जाणकार असतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. त्या पुनर्रचनेत बिदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मराठी मुलखाकडे गेले आणि भालकी, औराद, बसवकल्याण येथील मराठी घरे कर्नाटकात राहिली, त्यामुळे या भागातला विद्यार्थी घरी मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी आणि उत्तरपत्रिकेत इंग्रजी वापरतो व यांपैकी एकही भाषा आपल्याला पुरती येत नाही असे नम्रपणे सांगतो. भीमा-अमरजा संगमाजवळचे गाणगापूर याच भागात आहे, जेथे आरतीच्या वेळी पीडित माणसे घुमताना लहान मुलेही पाहत आलेली असतात. ख्वाजा बंदेनवाजांच्या दर्ग्याचा उरूस येथलाच, आणि मराठी, कन्नड व हिंदुस्तानी अशा भाषांत पदे रचणाऱ्या माणिकप्रभूंचे (१८१७–१८६५) हुमनाबादजवळचे माणिकनगरही येथलेच. साहजिकच एखादा मुलगा डोळे मिटून थरथरू लागला म्हणून येथल्या शेजाऱ्याला नवल वाटत नाही. त्याच्यापुढे प्रश्न उरतो तो फक्त वर्गवारीचा.

या जिल्ह्यांतील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग मेथडिस्ट परंपरेतला आहे, आणि ही परंपराच मुळात एका विद्यार्थी मंडळातून निघालेली असल्यामुळे तिचा येथे थोडा विचार करणे योग्य होईल. १७२९ च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये जॉन वेस्ली, त्याचा भाऊ चार्ल्स आणि त्यांचे मित्र ठरलेल्या वेळी प्रार्थना, ठरलेल्या दिवशी उपवास आणि ठरलेल्या वारी तुरुंगातील कैद्यांच्या भेटी असा क्रम पाळू लागले, तेव्हा इतर विद्यार्थ्यांनी त्यांना ‘पद्धतवाले’ या अर्थाचे टोपणनाव ठेवले. एका धर्मपंथाने हॉस्टेलमधला टोमणा पाटीवर कायमचा रंगवून घ्यावा, हे उदाहरण दुर्मीळच म्हटले पाहिजे. पुढे २४ मे १७३८ रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका सभेला वेस्ली नाखुशीने गेला आणि तेथे कोणी ल्यूथरची प्रस्तावना वाचत असता त्याच्या अंतःकरणाला विलक्षण ऊब जाणवली. मात्र पद्धतवाला तो पद्धतवालाच, त्यामुळे हा प्रसंग सुमारे पावणेनऊ वाजता घडल्याची नोंद करायला तो विसरला नाही. आजच्या वसतिगृहाच्या वेळापत्रकात बसवून पाहिला तर वेस्लीचा अनुभव अभ्यासाच्या घंटेच्या पंधरा मिनिटे आधी आटोपतो, आणि कोणत्याही वॉर्डनची त्याविषयी तक्रार राहण्याचे कारण नाही.

उपासना म्हणजे गीते, शास्त्रवाचन, संदेश, अर्पण आणि साक्ष यांनी मिळून होणारी सामुदायिक भक्ती. पैकी साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले हे उभे राहून चारचौघांत सांगणे, ज्यात पापांचे तपशील जितके मोघम तितके सभेचे कुतूहल अधिक, असा सर्वसाधारण अनुभव आहे. विद्यार्थ्यांची उपासना बहुधा जेवणाच्या खोलीत होते, बाके भिंतीला सरकवून सतरंज्या अंथरल्या जातात आणि आमटीच्या फोडणीचा वास शास्त्रवाचनापर्यंत टिकून असतो. कीबोर्ड वाजवणाऱ्याला एकच ताल येतो, तो एका बटणावर असतो, आणि ते बटण एकदा दाबले की शोकगीत व विजयगीत यांतला भेद संपतो. पहिले गीत कन्नड, दुसरे हिंदी, तिसरे इंग्रजी असा क्रम असतो. इंग्रजी गीताला आवाज सर्वांत मोठा लागतो, कारण त्यातले शब्द थोडे आणि पुनरावृत्ती पुष्कळ. मराठी घरातून आलेल्या मुलाच्या डोळ्यांत पाणी येते ते मात्र आजीच्या तोंडी असलेल्या, नारायण वामन टिळकांच्या वळणाच्या एखाद्या जुन्या गीताला, आणि नेमके तेच गीत कीबोर्डवाल्याला येत नसते.

संदेश संपल्यावर दिवे थोडे मंद होतात (कधी योजनेप्रमाणे, कधी वीजमंडळाच्या कृपेने) आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू झाली की एखाद्याचे खांदे हलू लागतात. या क्षणी शेजाऱ्याचे एक डोळा उघडून पाहणे हे अश्रद्धेचे लक्षण समजले जाते, पण ती निव्वळ जबाबदारीची जाणीव असते. याने दुपारी जेवण टाकले होते. याचे दोन विषय मागच्या सत्रापासून राहिलेले आहेत. पलीकडच्या ओळीत बसणाऱ्या नर्सिंगच्या मुलीने रविवारपासून याच्याकडे पाहिलेले नाही. आणि याला मे महिन्यात भालकीच्या बसमध्ये उभ्याने प्रवास करताना एकदा असेच झाले होते, ही सर्व माहिती जवळ असलेला मनुष्य त्या खोलीत तो एकटाच असतो. पाळकसाहेबांना त्या अश्रूंत पश्चात्ताप दिसतो तेव्हा शेजाऱ्याला चार पर्याय दिसत असतात, आणि पाचवा पर्याय म्हणून पश्चात्तापही त्याला नामंजूर नसतो.

हे पात्र इतिहासात एकदा अतिशय स्पष्टपणे दिसते. दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून सोडवून आणलेल्या मुली, विधवा आणि निराधार स्त्रिया यांच्यासाठी मुक्तिसदन उभारले होते. १९०५ च्या आरंभी त्यांनी प्रार्थनेसाठी स्वेच्छेने एकत्र येण्याचे आवाहन केले, तेव्हा सत्तर जणी आल्या, आणि जूनपर्यंत रोज जमणाऱ्यांची संख्या साडेपाचशेच्या घरात गेली. वेल्समध्ये नुकतेच मोठे संजीवन झाले होते (मंडळीत थंडावलेली श्रद्धा एकाएकी सामूहिक रीतीने पेटून उठणे याला ख्रिस्ती परिभाषेत संजीवन म्हणतात) आणि त्याच्या वार्ता केडगावी पोचल्या होत्या. २९ जून १९०५ च्या पहाटे वयाने मोठ्या असलेल्या एका मुलीवर अग्नी उतरला. शेजारी झोपलेली स्त्री जागी झाली, तिने ज्वाळा पाहिल्या, ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला धावली, तिने पाण्याची बादली उचलून आणली, आणि ती ओतणार तोच तिच्या ध्यानात आले की मुलगी जळत नाही. ही हकीकत तेथे काम करणाऱ्या मिनी अ‍ॅब्रम्स या अमेरिकन मेथडिस्ट बाईंच्या लेखनातून जगभर गेली.

या प्रसंगावर भाष्य करणाऱ्यांचे दोन पक्ष पडतात. श्रद्धाळू पक्ष ज्वाळांविषयी बोलतो. संशयी पक्ष अर्धवट झोप, वाढलेली भावनावशता आणि पहाटेचा अंधार यांविषयी बोलतो. बादलीविषयी दोघेही मौन पाळतात. परंतु नीट पाहता त्या रात्री अग्नीवर सर्वांत पक्का विश्वास बादली आणणारीचाच होता, कारण अग्नी केवळ प्रतीकात्मक आहे असे मानणारा मनुष्य अंथरुणातून उठून पाणी आणायला जात नाही. पुन्हा, केडगावसारख्या कमी पावसाच्या गावात पहाटेच्या वेळी भरलेली बादली हाताशी असणे ही गोष्ट रमाबाईंच्या व्यवस्थापनाविषयी पुष्कळ काही सांगून जाते. मुक्तिसदनात संजीवनाच्या दिवसांत शेकडो मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करीत, रडत, आनंदाने ओरडत, आणि त्यावर मिशनरी वर्तुळातूनही टीका झाली. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. बायबलचे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी भाषांतर करण्याचे स्वतःचे किचकट काम त्यांनी पुढे नेटाने तडीस नेले, आणि ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाले. आत्म्याने भरून जाणे आणि शब्दकोश उघडून बसणे या दोन क्रिया एकाच आवारात चालू शकतात, हे या बाईंनी कोणताही सिद्धान्त न मांडता दाखवून दिले.

केडगाव आणि कलबुर्गी ही स्थानके पुणे-सोलापूर-वाडी या एकाच लोहमार्गावर आहेत, आणि १९१२ च्या सुमारास रमाबाईंची कन्या मनोरमाबाई याच मार्गावरच्या गुलबर्ग्यात, म्हणजे तेव्हाच्या निजामी मुलखात, ख्रिस्ती हायस्कूल उभे करण्याच्या कामाला लागल्या. तेव्हा केडगावची परंपरा या जिल्ह्यांना परकी नाही; ती रेल्वेने आलेली आहे, आणि ज्वाळांबरोबर बादलीची रीतही त्याच डब्यातून आली असावी असे अनुमान काढण्यास हरकत नाही.

ज्वाळा याहून बरीच लांब गेली. मिनी अ‍ॅब्रम्स यांनी आपले पुस्तक चिलीतील वाल्पाराइसो येथील एका मैत्रिणीला पाठवले. तिचे पती विलिस हूव्हर हे तेथील मेथडिस्ट पाळक होते. १९०९ मध्ये त्यांच्या मंडळीत केडगावसारखाच प्रकार सुरू झाला, आणि १९१० मध्ये त्यांना मेथडिस्ट मंडळीतून बाहेर पडावे लागले. येथे बादली खुद्द मेथडिस्ट मंडळीने उचलली, एवढेच नव्हे तर पुरती ओतली. केडगावच्या बाईने ओतण्यापूर्वी पाहिले होते, तेवढे करायला तेथील पुढाऱ्यांना सवड झाली नाही. परिणामी चिलीत पेंटेकॉस्टल मेथडिस्टांचा वेगळाच मोठा पंथ उभा राहिला.

तपासूनच मान्य करण्याची ही रीत कलबुर्गी-बिदरच्या मातीत ख्रिस्ती मिशनच्या फार आधीपासून मुरलेली आहे. बसवकल्याण, म्हणजे जुने कल्याण, येथे बाराव्या शतकात शरणांचे, म्हणजे लिंगायत संतांचे, अनुभवमंटप भरत असे. तेथे ज्याने त्याने आपला अनुभव इतरांपुढे बोलून दाखवायचा असे. वस्त्रांचाही त्याग करून आलेल्या अक्कमहादेवीला अध्यक्षपदी असलेल्या अल्लमप्रभूंनी आत घेण्यापूर्वी एकामागून एक अडचणीचे प्रश्न विचारले, असे शून्यसंपादने या ग्रंथात वर्णन आहे. या तोंडी परीक्षेत अक्का उत्तीर्ण झाल्या. हल्लीच्या पद्धतीप्रमाणे त्यांना अंतर्गत गुण मिळण्याची सोय नव्हती, ही गोष्ट त्यांच्या मोठेपणात भर घालणारी आहे.

आजच्या विद्यार्थ्याची परीक्षा खोलीवर होते. उपासनेनंतरचे दोन-तीन दिवस तो सावकाश बोलतो, जेवणाच्या रांगेत इतरांना पुढे जाऊ देतो आणि पहाटे उठून शास्त्र वाचतो, ज्यामुळे दिवा लागून खोलीतल्या सोबत्याची झोप मोडते. सोबती हे सर्व सोसतो, कारण त्याच्या मते हे पुरावे प्राथमिक स्वरूपाचे आहेत. वसतिगृहातील न्हाणीघरात प्रत्येकाच्या बादलीवर नाव रंगवलेले असते, तरी ती नाव असलेल्याला क्वचितच वेळेवर मिळते. साबणाच्या बाबतीत तर नाव रंगवण्याचाही उपाय नाही. पश्चात्तापाचे मोजमाप करण्याची ही जागा सोबत्याला फार पूर्वीच सापडलेली असते. पुढच्या रविवारी ‘कोणाला साक्ष द्यायची आहे का’ असे विचारले जाते तेव्हा रिवाजाप्रमाणे अनुभव आलेलाच उठतो आणि अंधार, उजेड, ओझे उतरणे वगैरे सांगून बसतो; पण पाळकसाहेबांनी कधी त्याच्या खोलीतल्या सोबत्यालाच उभे केले, तर तो थोडे अंग चोरीत, भालकीच्या बोलीत एवढेच सांगेल, “दोन हप्ते झाले पाळकसाहेब, माझ्या साबणाला हात लावला नाही.” त्यावर आमेन म्हणायचे की नाही याविषयी सभेत काही काळ एकमत होणार नाही, आणि कीबोर्डवाला तोपर्यंत ते बटण दाबून मोकळा झालेला असेल.