कुटुंबाचा ना हरकत दाखला

ठाण्याच्या नौपाड्यात राहणाऱ्या मनुष्याचा हयातीत एकदाही सत्कार झाला नाही, तर त्याच्या चारित्र्याविषयी शेजारीपाजारी साशंक होतात, अशी सांप्रतची परिस्थिती आहे. ज्ञातिसंस्था, ज्येष्ठ नागरिक संघ, माजी विद्यार्थी मंडळ, पतपेढीचा वर्धापनदिन आणि सोसायटीतील सत्यनारायण यांपैकी कोणत्या ना कोणत्या निमित्ताने शाल-श्रीफळाचा मारा होणारच. घंटाळीपासून गोखले रस्त्यापर्यंतचा टापू हा मारा चुकवून ओलांडणे सभ्य गृहस्थास दुष्कर झाले आहे. (अलीकडे काही संस्था नारळाऐवजी तुळशीचे रोप देतात. ते घरी येऊन वाळते आणि पाणी न घातल्याचा ठपका पत्नीवर येतो.)

या समारंभांत सत्कारमूर्ती भाषणाच्या अखेरीस पहिल्या रांगेकडे हात करून एक वाक्य हटकून उच्चारते : ‘हिच्या साथीशिवाय हे शक्य नव्हते.’ जो गृहस्थ वर्षानुवर्षे सकाळची जलद गाडी पकडून ठाण्याहून मुंबईस गेला, मुले निजलेली असताना निघाला आणि ती पुन्हा निजल्यावर परतला, कन्या कोणत्या इयत्तेत आहे हे ज्यास फीच्या पावतीवरून समजत असे, त्याच्याकडील साऱ्या थकबाकीचा हिशेब या एका वाक्याने बेबाक होतो. टाळ्या पडतात, आणि उद्याच्या डोशांसाठी डाळ-तांदूळ भिजत घातले की राहिले, या विवंचनेत असलेली पहिल्या रांगेतील बाई पदर सावरून हसते. सत्कारमूर्ती स्त्री असेल तर हे वाक्य लागत नाही. तिला ‘एवढे करून घर कसे सांभाळता?’ असे विचारण्यात येते. हा प्रश्न पुरुषास विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

वास्तविक या प्रकरणी दुसऱ्या पक्षाचे दप्तर मराठी वाङ्मयाने फार पूर्वीच उघडले आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली निघाले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचे ‘माझे पुराण’ १९४४ साली. प्रापंचिक माणूस जिला अखेरचा आधार मानतो, ती पाच हजारांची विम्याची पॉलिसीदेखील महर्षींनी निराधार स्त्रियांसाठीच्या आपल्या आश्रमास अर्पण केली, हे गौरवाने सांगितले जाते. पोराबाळांच्या आईस ती वार्ता कशी लागली असेल, याची चौकशी करू इच्छिणाऱ्याने बायांचे पुराण उघडावे. बाया कुरकुरल्या असतील, परंतु हात बांधून बसल्या नाहीत. संस्थेसाठी वर्गणी मागत त्याही हिंडल्या. पुढे १९५८ साली, शताब्दीच्या वर्षी, महर्षींना भारतरत्न मिळाले. बाया १९५० सालीच निवर्तल्या होत्या. ते ऐश्वर्य पाहावयास पहिल्या रांगेत त्या नव्हत्या.

महर्षींना बोल लावण्याची आमची प्राज्ञा नाही. त्यांनी स्वतःच्या संसाराची ओढाताण केली ती असंख्य निराधार स्त्रियांना उभे करण्यासाठी. आमची तक्रार आहे ती त्या उदाहरणाच्या दुरुपयोगाची. ज्या गृहस्थाने उभ्या आयुष्यात कंपनीच्या रंगाचा खप वाढवण्यापलीकडे लोककल्याणाचे काही साधले नाही, तोही मुलाच्या मुंजीला मुहूर्त टळल्यावर पोहोचल्याचे समर्थन करताना ‘ध्येयवेड्या माणसांचे असेच असते’ म्हणतो आणि खुशाल महर्षींच्या पंक्तीस जाऊन बसतो. अशांच्या माहितीसाठी सांगतो की, १९९० साली सुनीताबाई देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ प्रसिद्ध झाल्यापासून ही लेखातपासणीची शाखा बंद पडलेली नाही.

सन्मानांचा बाजारभाव कळतो तो इमारत पुनर्विकासाला निघाल्यावर. भाड्याच्या दोन खोल्यांत जावयाचे म्हणून शोकेस रिकामी होते, आणि दारी आलेला भंगारवाला एकेक स्मृतिचिन्ह नखाने खरवडून पाहतो. ‘पितळ नाही काका, नुसता मुलामा आहे, रद्दी असेल तर द्या.’ इतकी निःस्पृह समीक्षा आमच्या कोणत्याही निवड समितीला अद्याप साधलेली नाही.

या सर्व बाबींचा विचार करून आम्ही एका मंडळाकडे अर्ज गुजरला. पुरस्कारासाठी इच्छुकास हल्ली स्वतःच तीन छायाचित्रांसह अर्ज करावा लागतोच. त्यास कुटुंबाचा ना हरकत दाखला जोडण्याची सक्ती व्हावी, एवढेच आमचे मागणे. दाखल्यात रकाने थोडेच : आईच्या आजारपणात दवाखान्यात काढलेल्या रात्री, मुलांच्या वर्गशिक्षिकेचे नाव, आणि घरातील औषधांचा डबा कोठे असतो. कार्यकारिणीत यावर दीर्घ चर्चा झाली. दाखल्याचा अंमल पूर्वलक्षी असू नये, असा आग्रह अध्यक्षांनी धरला, कारण त्यांच्याच नावे बारा पुरस्कार जमा आहेत. अखेर तडजोड निघाली : दाखल्याचा मुद्दा दप्तरी दाखल करावा, आणि त्याऐवजी सत्कारमूर्तीच्या पत्नीस आपली कैफियत मांडण्यासाठी दोन मिनिटे द्यावीत, मात्र ती आभारप्रदर्शनानंतर, बटाटेवड्यांचे वाटप चालू असताना. आयत्या वेळी बाईंची तारांबळ उडू नये म्हणून कैफियतीचा मसुदा चिटणीस स्वतःच टंकलिखित करून आणणार आहेत. त्यातले पहिले वाक्य ‘ह्यांच्या साथीशिवाय’ असे सुरू होते.