ब्रॅडफर्ड

इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डहून शांतता आणि संघर्ष-निवारण या विषयात एम. ए. करून आला, तेव्हापासून सोसायटीत त्याचं नाव 'ब्रॅडफर्ड' पडलं. लोकरीच्या गिरण्यांचं ते गाव. तिथल्या विद्यापीठात क्वेकर मंडळींच्या पुढाकारानं १९७३ साली हा विभाग निघाला. ''शांतता शिकायला कर्ज काढलंत?'' असं त्याच्या वडिलांना लोक विचारतात आणि त्यांच्या घरातली शांतता तेवढ्यापुरती भंगते.

मुलगा गुणी. बोलताना आवाज इतका खाली लावतो, की समोरच्याला आपोआप ओरडावंसं वाटतं. शिवाय प्रत्येक वाक्यानंतर ''म्हणजे तुम्हाला वाईट वाटलं, असंच ना?'' असं विचारतो. न वाटलेल्यालाही वाटू लागतं.

आमच्याकडे तळमजल्यावरचे काका आणि पहिल्या मजल्यावरच्या काकू यांच्यात कुंडीच्या पाण्यावरून जुना अबोला होता. अबोला ही पुण्याची तहाची रीत. तीत तारीख नसते, सही नसते, पण मोडत कुणी नाही. सत्यनारायणाचा प्रसाद तिसऱ्याच्या हातून पोचायचा, दोघंही सुखात होती. ब्रॅडफर्डला मात्र ही 'नकारात्मक शांतता' बघवेना. युद्ध नाही एवढ्यानं शांतता होत नाही, मुळातला अन्यायही जायला हवा, असं नॉर्वेचे योहान गाल्टुंग सांगत. १९५९ साली ऑस्लोत त्यांनी शांतता-संशोधनाची संस्था काढली, तेव्हा समोर शीतयुद्ध होतं. याच्यासमोर तुळस होती.

त्यानं दोघांना समोरासमोर बसवलं आणि तक्त्यावर 'संघर्षाचं झाड' काढलं. फांद्यांवर परिणाम, बुंध्यात प्रश्न, मुळांत कारणं. मुळं काढायला सांगितल्यावर काय विचारता! काकूंच्या घरच्या मुंजीतल्या मानापानापासून काकांनी परत न केलेल्या शिडीपर्यंत सगळं वर आलं. तक्ता पुरेना, तेव्हा मागची बाजू वापरली.

मग त्यानं वाटाघाटींच्या वर्गातली ठरलेली गोष्ट काढली. दोन बहिणी एका संत्र्यावरून भांडतात. विचारल्यावर कळतं, एकीला रस हवाय, दुसरीला केकसाठी साल.

''साल टाकणार होती होय ती? मी वाळवून उटण्यात घालते,'' काकू म्हणाल्या.

''आणि एकच संत्रं आणलं कुणी? नागपूरला कुणी ओळखीचं नव्हतं?'' काकांनी विचारलं. त्या दिवशी एकमत झालं ते एवढ्यावरच.

शेवटी ब्रॅडफर्डचे मामा गावाहून आले. २००७ साली राज्य सरकारनं महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली, तेव्हा ते गावच्या समितीचे अध्यक्ष होते. त्यांनी चहा मागवला, दोघांचं अर्धं अर्धं ऐकलं आणि म्हणाले, ''कुंडीखाली ताटली ठेवा, ताई. आणि काका, तुम्ही वाळत घालायची दोरी हातभर सरकवा.''

''पण मामा, मूळ गरजा?''

''मुळाशी जाऊ नये, बाळा. तिथं बांध निघतो, आणि बांध निघाला की कोर्ट.''

अबोला पूर्ववत सुरू झाला, प्रसादही पोचू लागला. ब्रॅडफर्डनं त्याची नोंद 'प्रक्रिया अपूर्ण' अशी केली आहे. सध्या त्याचा डोळा पार्किंगवर आहे. येत्या रविवारी सगळ्या गाडीवाल्यांना गच्चीवर बोलावलंय, नवे तक्ते आणि रंगीत पेनंही आणलीत. सेक्रेटरींनी त्या रविवारचं लोणावळ्याचं बुकिंग केलंय.