अरुंदमापी बिर्याणी

सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडीसारख्या जंक्शनच्या गावातील साध्या हॉटेलांत मिळणाऱ्या मटण बिर्याणीविषयी पुण्या-मुंबईच्या खवय्यांमध्ये अलीकडे जे कौतुकाचे वाङ्मय निर्माण होत आहे, त्यातील मध्यवर्ती संज्ञा 'साधेपणा' ही असली, तरी तिची व्याख्या करण्याचे कष्ट कोणी घेतलेले नाहीत. वापरावरून पाहता, साधेपणा म्हणजे ज्या वस्तू नाहीत त्यांची यादी होय. मेनूकार्ड नाही, वातानुकूलन नाही. पंखा आहे, पण तो फिरतो असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. हात धुण्याच्या जागी नळ आहे आणि पाणीही आहे, मात्र ते नळात नसून शेजारच्या पिंपात आहे. हीच यादी एखाद्याने तहसील कचेरीविषयी लिहून दिली असती तर तिला तक्रार अर्ज म्हटले गेले असते व तिच्यावर आवक क्रमांक पडला असता. बिर्याणीच्या संदर्भात तिला रसग्रहण म्हणतात.

बिर्याणी या शब्दाचे मूळ फारसी 'बिरियान', म्हणजे भाजलेले किंवा तळलेले, या शब्दात शोधले जाते आणि तिचे कच्ची व पक्की असे दोन शास्त्रोक्त प्रकार मानले जातात. कच्चीमध्ये मसाल्यात मुरवलेले कच्चे मटण आणि अर्धवट शिजलेला तांदूळ एकाच हंडीत थरावर थर देऊन, झाकणाच्या कडा कणकेने बंद करून, मंद आचेवर शिजवतात व या क्रियेला 'दम देणे' म्हणतात. पक्कीमध्ये मटण अगोदर शिजवून मग ते भाताच्या थरांत घालून दम देतात. साध्या हॉटेलातील बिर्याणी या दोहोंपैकी कोणत्याही वर्गात बसेलच असे नाही. तेथे अनेकदा भात एका पातेल्यात आणि मटण दुसऱ्या पातेल्यात सकाळपासून आपापल्या जागी शहाण्यासारखे बसलेले असतात आणि त्यांची पहिली गाठ गिऱ्हाइकाने ऑर्डर दिल्यावर थेट ताटात पडते. दम यात फक्त गिऱ्हाइकाला धरावा लागतो. या प्रकाराला शास्त्रीय नाव नसल्यामुळे सोयीसाठी त्याला 'जंक्शन पद्धत' म्हणावे, कारण दोन दिशांनी आलेल्या गाड्या काही मिनिटांपुरत्या जेथे शेजारी उभ्या राहतात, त्या जागेलाच जंक्शन म्हणण्याचा प्रघात आहे.

हे नाव कुर्डुवाडीला शोभण्यास ऐतिहासिक आधारही आहे. जीआयपी रेल्वेचा मुंबई-सोलापूर मार्ग टाकला गेला तेव्हा तो बार्शीसारख्या भरभराटीच्या व्यापारपेठेला बाजूला ठेवून गेला, आणि बार्शीला जाणाऱ्याने जेथे उतरावे त्या स्थानकाला 'बार्शी रोड' असे नाव मिळाले. म्हणजे आजच्या कुर्डुवाडी स्थानकाची पहिली ओळख दुसऱ्या गावाकडे जाणारा रस्ता एवढीच होती. पुढे एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या ब्रिटिश अभियंत्याने १८९७ मध्ये येथून बार्शीपर्यंत २ फूट ६ इंच रुंदीची अरुंदमापी, म्हणजे लोकांच्या बोलीतली नॅरोगेज, गाडी सुरू केली. हीच 'बार्शी लाईट'. ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली, १९५४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली, आणि तिच्या वेगाविषयी, चालत्या गाडीतून उतरावे, पाय मोकळे करावेत व पुन्हा त्याच डब्यात चढून बसावे, अशी थट्टा या मार्गावरच्या जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

या वेगाचा आणि खानावळींचा संबंध अभ्यासकांनी दुर्लक्षिला आहे. मोठी गाडी ५ फूट ६ इंचांच्या रुळावर आणि छोटी गाडी तिच्या निम्म्याहूनही कमी रुंदीच्या रुळावर असल्यामुळे प्रत्येक प्रवाशाला कुर्डुवाडीत उतरणे भाग होते, आणि छोटी गाडी केव्हा सुटेल हा प्रश्न वेळापत्रकापेक्षा श्रद्धेचा अधिक असल्यामुळे त्याच्या हाती भूक लागण्यास पुरेल इतका अवकाश असे. जगातील थोर पाकपरंपरा राजवाड्यांच्या आश्रयाने वाढल्या. स्टेशनाबाहेरची खानावळ ही गाडी चुकण्याच्या आश्रयाने वाढते. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद झाले, लातूरच्या बाजूचे काम २००८ मध्ये पुरे झाले, आणि प्रवासी डबा न बदलता पुढे जाऊ लागला. देशाच्या प्रगतीत ही मोलाची भर होती यात शंका नाही; फक्त ज्याचे दुपारचे गिऱ्हाईक रुळांच्या अरुंदपणावर अवलंबून होते, त्याला तिची किंमत गल्ल्यावर बसून मोजावी लागली. साधेपणाचा उगम काही प्रमाणात येथेही सापडतो, कारण नवा पंखा घेणे ज्याला परवडत नाही त्याचा जुना पंखा कालांतराने वारसा ठरतो.

बिर्याणीतील दोन घटकांपैकी तांदूळ हा या मुलखात पाहुणा आहे, ही बाबही ध्यानात घ्यावी लागते. सोलापूर जिल्हा हा ज्वारीचा. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेला मालदांडी ३५-१ हा रब्बी ज्वारीचा वाण दूरवर गेला, मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि उजनी धरणाच्या पाण्यावर ऊस आला तरी माणसाच्या पोटातली जागा भाकरीने सोडलेली नाही. मटण मात्र घरचे आहे. इंग्रजीत मटण म्हणजे मेंढीचे मांस असले तरी येथे त्याचा अर्थ बोकड असाच होतो, आणि बोकड म्हटले की शेजारच्या जिल्ह्याचे जुने नाव मिरवणारी, बहुधा काळ्या रंगाची, कमी पाण्याच्या रानात गुजराण करणारी उस्मानाबादी शेळीची जात डोळ्यांसमोर येते. तेव्हा या बिर्याणीत यजमान मटण आहे व भात हा रेल्वेने आलेला पाहुणा आहे; आणि पाहुण्याला पुढे बसवून यजमानाने मागे राहावे, हा शिष्टाचार ताटात तंतोतंत पाळलेला दिसतो.

ताटाचे वर्णन येथे थोडे विस्ताराने करणे आवश्यक आहे. स्टीलच्या ताटलीत भाताचा उलट्या घमेल्यासारखा ढीग येतो. तांदळाच्या व्यापारात बासमतीच्या अखंड दाण्याखालोखाल तिबार, त्याखाली दुबार आणि त्याहून बारीक तुकड्याला मोगरा अशी प्रतवारी आहे. साध्या हॉटेलाचा कल या शिडीच्या खालच्या पायऱ्यांकडे असतो आणि मोगरा या नावामुळे कोणी सुगंधाची अपेक्षा केली तर तो दोष नावाचा समजावा. ढिगाचा काही भाग पांढरा व काही भाग झळझळीत नारिंगी असतो. हा रंग केशराचा आहे असे हॉटेलमालक म्हणत नाही, गिऱ्हाईक विचारत नाही, आणि या परस्पर सौजन्यामुळे काश्मीरवरील ताण पुष्कळ कमी झाला आहे. ढिगाच्या माथ्यावर उकडलेले अर्धे अंडे पिवळ्या बाजूने आकाशाकडे पाहत असते. मटण दिसत नाही. ते आहे, यावर विश्वास ठेवून खणावे लागते, आणि अनुभवी खवय्या मधोमध न खणता कडेने खणतो, कारण वाढणाऱ्याचा पळा पातेल्यातून ताटात उतरताना फोडी उताराच्या बाजूला घरंगळतात हे त्याला ठाऊक असते. कॅलथ्रॉपने आपल्या छोट्या गाडीसाठी कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये म्हणून भार सगळ्या चाकांवर सारखा वाटण्याचे तत्त्व पाळले होते. फोडींच्या बाबतीत हे तत्त्व कुर्डुवाडीत टिकले असते तर अभ्यासकांना समाधान वाटले असते, पण एका ताटात चार आणि शेजारच्या ताटात सहा फोडी निघतात आणि शेजारचा मनुष्य पोलीस ठाण्यात नोकरीला असतो, असे निरीक्षण आहे.

'नळी' म्हणजे मज्जेने भरलेले मांडीचे हाड. तिचे वाटप अर्जावर होत नाही, ओळखीवर होते. "मालक, नळी हाय का?" हा प्रश्न वरकरणी साठ्याची चौकशी असली तरी प्रत्यक्षात ती विचारणाऱ्याच्या गावातील स्थानाची चाचणी असते, "हाय की, तुमच्यासाठीच ठिवली" हे उत्तर एका दुपारी किमान चार जणांना मिळते आणि चौघांनाही ते खरे वाटते. नळी ताटलीच्या काठावर आपटून मज्जा काढण्याचा जो आवाज येतो, तोच अशा हॉटेलातील एकमेव वाद्यसंगीत होय.

लखनौचा किंवा हैदराबादचा शुद्धतावादी या ताटाकडे कदाचित दुर्लक्ष करू शकेल, पण पुढच्या क्षणी जे घडते ते त्याला सोसणारे नाही, कारण वाढपी न विचारता भाताच्या ढिगावर रस्सा ओततो. हा रस्सा काळ्या मसाल्याचा, वर लाल तवंग असलेला, आणि येसुराने दाट केलेला असतो. येसूर म्हणजे धान्ये व डाळी भाजून मसाल्यासह दळलेले पीठ, जे रश्श्याला अंग देते आणि चार माणसांचे कालवण आठ माणसांना पुरवते. हैदराबाद येथून लांब असले तरी निजामाचे राज्य लांब नव्हते. १९४८ पर्यंत त्याची हद्द परंड्यापर्यंत, म्हणजे कुर्डुवाडीपासून सायकलीच्या टप्प्यावर होती. तरीही दरबारी बिर्याणीची कोरडी अदब ती हद्द ओलांडताना कोठेतरी गळून पडली व पलीकडून जे आले ते येथे आल्यावर कालवून खाण्याजोगे झाले. याला ऱ्हास म्हणणे चूक ठरेल. ज्या माणसाचा हात जन्मभर भाकरी कुस्करण्यात तयार झाला आहे, त्याला सुटा सुटा शीत उचलून खायला लावणे हाच अन्याय होय. म्हणून तो अगोदर दोन भाकरी रश्श्यात चुरून खातो आणि बिर्याणी मागाहून, पाहुण्यांची विचारपूस करावी तशी, संपवतो.

पुणे-सोलापूर महामार्गावरून टेंभुर्णीला आत वळून येणारा शहरी रसिक नेमका हाच क्रम चुकतो. तो भाकरी नाकारतो, रस्सा वाटीत वेगळा मागतो, आणि मोबाईल उभा धरून भाताच्या ढिगाभोवती प्रदक्षिणा घालतो. काळी पडलेली भिंत, उसवलेला सनमायका व चुलीवरील धूर यांचे चित्रण झाल्यावर तो मालकाला "किती वर्षांपासून हे असंच आहे?" असे विचारतो, आणि मालकाच्या मते ही उधारीविषयीची चौकशी असल्यामुळे तो सावधपणे उत्तर देतो. पुढच्या खेपेला मालकाने चार पैसे जमवून टाइल्स बसवल्या तर "आता ती मजा राहिली नाही" असा निवाडा देणारा हाच रसिक असतो; दुसऱ्याच्या गैरसोयीवर इतके निस्सीम प्रेम करणारा वर्ग संतवाङ्मयातही आढळत नाही.

शासनाने मात्र साधेपणाची किंमत एकदा अधिकृतपणे ठरवली होती. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा वातानुकूलित उपाहारगृहांवर १८ टक्के आणि विनावातानुकूलितांवर १२ टक्के अशी आकारणी होती. म्हणजे घामाचे मूल्य सहा टक्के. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून, महागड्या हॉटेलांतील काही भोजनगृहे वगळता, सगळ्यांना पाच टक्क्यांच्या एकाच पंक्तीत बसवण्यात आले आणि घाम पुन्हा फुकट झाला. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक छापणेही सक्तीचे आहे. पण ज्या हॉटेलात वाढपी गिऱ्हाईक उठताना "दोन बिर्याणी, तीन भाकरी, एक अंडं!" अशी आरोळी गल्ल्याच्या दिशेने फेकतो, तेथे बिल हा ध्वनीचा प्रकार आहे, आणि चौदा अंक आरोळीत बसवण्याची तरतूद नियमात राहून गेली आहे.

याहून कडक नियमन पंचांगाचे असते. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी व संपूर्ण श्रावण यांच्या कात्रीतून जे दिवस उरतात त्यांवर हॉटेलाचा संसार चालतो, म्हणून आषाढात, बोलीतल्या 'आखाडात', पुढच्या महिन्याच्या पापभीरूपणाची आगाऊ भरपाई करण्यासाठी गर्दी उसळते. त्याच महिन्यात वारीही याच जंक्शनवरून पंढरपुराकडे वाहत असते, आणि गाडीची वेळ झाल्यामुळे ज्याला बसून खाणे जमत नाही, तो पार्सल घेतो. पार्सलात भात फॉइलच्या डब्यात व रस्सा प्लास्टिकच्या पिशवीत देतात; पिशवीची गाठ हा स्थानिक अभियांत्रिकीचा नमुना असून ती दातांशिवाय सुटत नाही, आणि सुटते तेव्हा पंढरपूरची गाडी नुकतीच फलाट सोडून रूळ बदलत असल्यामुळे गचका देते. डब्यात वास पसरतो. समोरच्या बाकावरचा गळ्यात तुळशीची माळ असलेला वृद्ध प्रवासी तोंड खिडकीकडे फिरवतो, थोडा वेळ रुळांच्या कडेची बाभळीची झाडे मोजतो, आणि मग "कुठलं म्हणायचं हे?" असे विचारतो. हॉटेलाचे नाव कळल्यावर तो मान हलवतो. "पूर्वी येसूर कमी घालायचा त्यो," असे बाहेरच पाहत सांगतो, आणि हे माळ घालण्याआधीचे निरीक्षण असल्याचा खुलासा कोणीही विचारलेला नसताना करतो.