शिक्का मारू नये, उमटवावा

हाताने केलेले शुभेच्छापत्र म्हणजे मधोमध दुमडलेला जाड कागद. त्याच्या बाहेरच्या अंगावर रबरी शिक्क्याने चित्र उमटवलेले असते, आतल्या अंगावर मजकूर असतो आणि ते मिळाल्याचे सहसा कोणी कळवत नाही. दुकानातले कार्ड या व्याख्येत बसत नाही. त्याला किंमत असते. हाताने केलेल्या कार्डाला नुसता खर्च असतो.

माहीममध्ये हा उद्योग बहुतांशी निवृत्त आत्यांच्या हाती आहे. आत्या बँकेतून निवृत्त झालेली असेल तर शिक्का आणि पॅड यांच्याशी तिचा पस्तीस वर्षांचा घरोबा असतो, आणि पुढच्या बहुतेक अडचणी त्यातूनच उद्भवतात. आत्याखेरीज एक मदतनीस लागतो. तो भाचा असावा आणि रविवारी सापडणारा असावा. पट्टी धरणे, पंखा बंद करणे आणि 'छान झालंय' असे म्हणणे ही त्याची कामे होत.

कागद २५० ते ३०० जीएसएमचा घ्यावा. याहून पातळ कागद शाई लागताच पापडासारखा वळतो. कागदालाही लाकडासारखी नस असते. ती ओळखण्यासाठी कागद न मोडता आधी उभा आणि मग आडवा हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो निमूट वाकतो, त्या बाजूने नस गेलेली असते. घडी नसेच्या दिशेने घालावी. नसेच्या विरुद्ध घातली तर घडीवर कागद फुटतो आणि कार्ड नवे असून जुन्या रेशनकार्डासारखे दिसते. घडी घालण्यापूर्वी पट्टी धरून संपलेल्या बॉलपेनने एक रेघ दाबून घ्यावी. पेन खरोखरच संपलेले आहे, याची खात्री दुसऱ्या कागदावर करावी.

कार्डशीट कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे मिळते. घाऊक खरेदीसाठी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटला जावे. जाताना पैसे मोजके न्यावेत, कारण तेथून केवळ कागद घेऊन परतलेली व्यक्ती अद्याप पाहण्यात नाही. हातकागद हवा असेल तर पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून आहे. हातकागद दिसायला देखणा, पण अंगाने खडबडीत. त्यावर बारीक रेषेचा शिक्का तुटक उठतो, ठसठशीत नक्षी मात्र शोभून दिसते.

येथे लग्नपत्रिकांचा विचार करणे भाग आहे. आत्या गेल्या वीस वर्षांतली एकही लग्नपत्रिका टाकत नाही. तिच्या मते पत्रिकेचा कोरा भाग हा 'उत्तम प्रतीचा फुकट कागद' असतो. शास्त्र याच्याशी सहमत नाही. बऱ्याच पत्रिकांच्या गुळगुळीत कागदावर लेप असतो. शाई त्यात मुरत नाही, वरच्यावर तरंगते. शिवाय कितीही जपून कापले तरी काहीतरी मागे राहतेच. कडेला अर्धा गणपती येतो, मध्येच 'चि. सौ. कां.' उरते. एकदा दिवाळीच्या शुभेच्छांखाली 'माझ्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' हे तसेच राहून गेले होते आणि डोंबिवलीहून तारीख विचारणारे दोन फोन आले.

शिक्क्याचे रबर कडक आणि टिकाऊ असते, ते गंधकामुळे. रबर गंधकाबरोबर तापवले की उन्हात चिकट होत नाही आणि थंडीत तडकत नाही, हे चार्ल्स गुडइयरला १८३९ साली सापडले. तयार शिक्के विकत मिळतात, पारदर्शकही मिळतात. ते अॅक्रिलिकच्या ठोकळ्यावर चिकटवून वापरायचे आणि काढून ठेवायचे. तथापि घरगुती शिक्का खोडरबराचाच चांगला. पांढरा, मऊ, मोठ्यातला मोठा खोडरबर घ्यावा. कोरायला लिनो कटर वापरावा. तो नसल्यास ब्लेड चालते, पण मग चिकटपट्टी आधीच काढून ठेवावी. पाते रेषेकडून बाहेर कलते धरावे, म्हणजे रेषेला खाली रुंद पाया मिळतो. सरळ खाली कापले तर बारीक रेषा दाबाबरोबर डगमगते. कोरलेला खोडरबर प्लास्टिकच्या डबीत ठेवू नये. दोघे महिनाभरात एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना शिक्क्याची बाजू तिथेच राहते. कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवावा.

अक्षरे उलटी कोरावी लागतात. हे सर्वांना माहीत असते आणि आयत्या वेळी कोणालाच आठवत नाही. खात्रीचा उपाय असा: पातळ ट्रेसिंग कागदावर मऊ पेन्सिलीने सरळ अक्षरे काढावीत, कागद खोडरबरावर पालथा घालावा आणि मागून चमच्याने घासावा. अक्षरे आपोआप उलटी उतरतात. हा उपाय समजण्यापूर्वी आत्याने 'शुभ दीपावली' डोळ्यांनी पाहून सरळ कोरले होते. त्या वर्षी सतरा घरी आरशात वाचायच्या शुभेच्छा गेल्या. देवनागरीत शिरोरेखेचा मात्र मोठा आधार आहे. सगळी अक्षरे एका दोरीवर वाळत घातल्यासारखी एकत्र राहतात, एकटे अक्षर सुटून तिरके होत नाही.

भाजीचे ठसे शाळेतल्या ठसेकामामुळे प्रत्येकाला येतात, म्हणून येथे थोडक्यात. भेंडी आडवी कापली की बहुधा पाच पाकळ्यांचे फूल मिळते, कांद्याची वलये मिळतात, बटाटा कोरावा लागतो. कापल्यावर दहा मिनिटे टीपकागदावर पालथे ठेवावे, नाहीतर रसाने रंग पातळ होतो. शाईऐवजी दाट पोस्टर कलर वापरावा. रंग लागलेली भेंडी भाजीत टाकू नये. हे लिहिण्याची वेळ आली, याची नोंद संबंधितांनी घ्यावी.

शाईचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक विरघळलेल्या रंगाची, ती कागदात शिरते, लवकर वाळते आणि उन्हात फिकी पडते. दुसरी रंगद्रव्याची, ती कागदावर बसून राहते, उशिरा वाळते आणि टिकते. तिसरा प्रकार म्हणजे कचेरीतले जांभळे पॅड. ते शुभेच्छापत्रासाठी बनलेले नाही. उघडझाप होऊनही पॅड सुकू नये म्हणून त्या शाईत ग्लिसरीनसारखा पदार्थ असतो आणि ग्लिसरीन हवेतले पाणी ओढून घेते. साध्या कागदावर ही शाई मुरून जाते. लग्नपत्रिकेच्या गुळगुळीत कागदावर ती वाळतच नाही. जांभळे पॅड कचेरीतच बरे, असे मदतनीसाने एकदा सुचवून पाहिले. तेव्हापासून त्याला चहा अर्धा कप मिळतो. आत्याचा जांभळ्या रंगावरचा विश्वास कशानेही ढळलेला नाही. तिच्या नजरेत जांभळा शिक्का पडला की ती गोष्ट झाली, नोंदली गेली, आता कोणी नाकारू शकत नाही.

शाईच्या बाबतीत मराठी माणसाला खरे तर न्यूनगंड असण्याचे कारण नाही. मुंबईत १९३१ साली दांडेकर बंधूंनी 'हॉर्स ब्रँड' नावाने शाईची पूड आणि वड्या करायला घेतल्या, त्याचेच पुढे कॅम्लिन झाले. पॅड ठेवताना पालथे ठेवावे, म्हणजे शाई वरच्या थरात राहते.

आता मूळ क्रिया. शिक्का पॅडवर एकदाच जोरात दाबू नये. हलक्या हाताने सात-आठ वेळा थोपटावा. जोरात दाबला की शाई खाचांत आणि कडांवर चढते आणि चित्राभोवती चौकट उमटते. शिक्का मोठा असल्यास तो उताणा धरून पॅडच त्याच्यावर थोपटावे. कागदाखाली जुना दिवाळी अंक ठेवावा. थोडी गादी मिळाली की ठसा सगळीकडून सारखा उठतो. शिक्का सरळ खाली आणावा, टेकवावा, बोटांनी चारही कोपऱ्यांवर भार द्यावा, मनात तीन म्हणावे आणि सरळ वर उचलावा. डोलवू नये, घासू नये.

आणि ठोकू नये. बँकेच्या खिडकीमागे पस्तीस वर्षे काढलेला हात पॅड, कागद, पॅड, कागद अशा ठेक्यात चालतो. त्या ठेक्यात दिवसाला शेकडो कागद निघत असतील, पण पणती निघत नाही. ठोकलेला शिक्का कागदावर आपटून किंचित उसळतो आणि दुसऱ्यांदा टेकतो, त्यामुळे एका ज्योतीच्या दोन होतात. खालच्या मजल्यावरून 'काय कुटताय?' अशी विचारणा होते. आत्याला हे सगळे ठाऊक आहे. ती मदतनीसाला स्वतः बजावते, "अरे, मारायचा नाही, उमटवायचा." पहिली पाच कार्डे ती श्वास रोखून, फुलपाखरू धरावे तशी करते. सहाव्याला हात सुटतो. पंधराव्यापर्यंत टेबलावरच्या वाट्या नाचू लागतात आणि तिच्या चेहऱ्यावर असे काही समाधान दिसते, की पंखा बंद ठेवून घामाने निथळणारा मदतनीसही तिला थांबवत नाही.

एकाच चित्रात दोन-तीन रंग हवे असल्यास प्रत्येक रंगाचा वेगळा शिक्का कोरून एकावर एक नेमका बसवावा लागतो. रविवर्मांच्या १८९४ सालच्या मुंबईतल्या छापखान्यातही प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. लक्ष्मीचा पदर तिथे चुकत नसे. येथे पणतीची ज्योत पणतीच्या शेजारी लागते. पहिला ठसा पूर्ण वाळू द्यावा आणि कोपऱ्याला पेन्सिलीची खूण करून ठेवावी. त्याहून अधिक उपाय नाही.

शाईच्या इतर करामतींपैकी मेणाची सर्वांत स्वस्त. मेणबत्तीने कागदावर नक्षी काढावी, ती दिसत नाही; वरून पाणी घातलेली पेनची शाई ब्रशने फिरवली की मेणाची जागा पांढरी राहते. माहीमच्या सेंट मायकेल चर्चबाहेर बुधवारी नोव्हेनाच्या दिवशी मेणबत्त्या हव्या तितक्या मिळतात. मेणाचे हात, पाय आणि घरेही असतात, पण ती कोणाच्या नवसाची असतात; कार्डाला साधी मेणबत्ती पुरते. मेणावर शिक्का धरत नाही, म्हणून त्याची जागा आधी राखून ठेवावी.

फाटक्या कडेचा कागद झाकण म्हणून ठेवून स्पंजने शाई थोपटली तर लाटा तयार होतात. कागद खाली सरकवत दोन-तीनदा थोपटले की समुद्र झाला. वर पट्टीने तारा ओढल्या की माहीमच्या किनाऱ्यावरून दिसणारा सी लिंक झाला. समुद्र निळाच करावा. माहीमच्या खाडीचा खरा रंग कोणत्याही पॅडात मिळत नाही आणि मिळाला तर दिवाळीला पाठवता येणार नाही. दिवाळीआधी एल. जे. रोडवरच्या कंदील गल्लीत फेरी मारावी. कात्रणे मागितली तर मिळतात आणि त्यांतल्या कापलेल्या नक्ष्या झाकणासाठी आयत्या उपयोगी पडतात.

सोनेरी उठावाच्या पावडरीबद्दल सावधगिरीने लिहावे लागते. ओल्या रंगद्रव्याच्या शाईवर ही पावडर भुरभुरावी, उरलेली झटकून परत डबीत भरावी आणि हीट गनने तापवावी. पावडर वितळून रेषा सोन्यासारखी उठते. केस वाळवायच्या यंत्राने हे होत नाही, ते पावडर उडवते. हीट गन नसल्यास कार्डाची मागची बाजू गरम इस्त्रीपाशी धरावी. गॅसवर धरू नये. पंखा बंद आहे ना, हे स्वतः पाहावे. 'बंद आहे' या उत्तरावर विसंबू नये. असे विसंबल्यावर एकदा वरणाला आलेली झळाळी हळदीची नव्हती.

वाळवणे हा माहीममधला सर्वांत अवघड टप्पा. पावसाळ्यात हवेतला दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या वर जातो, त्यात समुद्र हाकेच्या अंतरावर. दसऱ्यानंतरचे कडक ऊन या कामाला उत्तम. आत्या मात्र जुलैतच सुरुवात करते, 'आयत्या वेळी धांदल नको' म्हणून, आणि सप्टेंबरात कार्डांवर बुरशीचे ठिपके येतात. ठिपक्यांभोवती हिरव्या पेनने पाकळ्या काढून त्यांची फुले करता येतात. ओलसर कार्डे एकावर एक रचायचीच असतील तर मध्ये बटरपेपर घालावा, जसा माहीम हलव्याच्या पातळ चौकोनांमध्ये असतो. हलव्याचाच कागद वापरू नये. तो तुपकट असतो. त्याचा डाग पडला की त्या जागी शाई धरत नाही आणि कार्डाला वेलचीचा वास येतो. (काही जणांनी या वासाची कार्डे जपून ठेवली आहेत.)

आतला मजकूर दोन ओळींचा असावा. आत्या चौदा लिहिते आणि त्यातल्या अकरा गुडघ्यांवर असतात.

टपालात टाकण्यापूर्वी वजन करावे. एफोर आकाराच्या निम्म्या कागदाचे कार्ड ३०० जीएसएममध्ये सुमारे ९ ग्रॅम भरते, पाकीट धरून चौदा-पंधरा. साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांचे तिकीट लागते. दुहेरी थर, आरसे आणि टिकल्या लावल्या की ही मर्यादा ओलांडते आणि कमी पडलेल्या तिकिटाच्या दुप्पट रक्कम घेणाऱ्याकडून वसूल होते. आत्याच्या एका चुलत दिरांनी अशी शुभेच्छा दहा रुपये मोजून सोडवून घेतली होती; ते ही गोष्ट प्रत्येक मुंजीत सांगतात.

माहीम ४०००१६ असे पाठवणाऱ्याच्या पत्त्यात स्पष्ट लिहावे, म्हणजे उत्तर यायला अडचण राहत नाही. बहुतेक जण कार्डाचा फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतात आणि खाली हात जोडतात. आत्या याला पोच धरत नाही. गिरगावातली एक जुनी सहकारी मात्र दर वर्षी पन्नास पैशांच्या पोस्टकार्डावर उत्तर पाठवते. ते आले की आत्या आधी मजकूर वाचत नाही. खिडकीपाशी जाऊन, भिंग काढून, ती टपालाचा शिक्का पाहते, आणि डावी कड उठलेली नाही असे मदतनीसाला दाखवते.