रेघ नाही, पण धाक आहे

मायएसक्यूएल वर्कबेंचमध्ये काढलेला डेटाबेसचा डायग्राम फ्रेम करून भिंतीवर लावावा इतका देखणा दिसतो. ग्राहक, ऑर्डर, साठा असे चौकोन, त्यांना जोडणाऱ्या सलग आणि तुटक रेघा, टोकाला तो कावळ्याचा पाय. मीटिंगमध्ये हाच दाखवतात. क्लायंटही मान डोलावतो. त्याला काय कळलं हे विचारायची पद्धत नाही.

आता समजा, ऑर्डरच्या टेबलावर कुणी ट्रिगर बसवलाय. ऑर्डर नोंदली की हा गुपचूप साठ्यातून माल वजा करतो. या व्यवहाराची रेघ डायग्रामवर शोधून दाखवा. सापडणार नाही. फॉरेन कीला रेघ मिळते, ट्रिगरच्या वाट्याला टेबल एडिटरमधला एक टॅब येतो. तो उघडलात तर सहा प्रसंग लिहिलेले दिसतील: इन्सर्ट, अपडेट, डिलीट, आणि प्रत्येकाच्या आधी किंवा नंतर. हवं तिथलं अधिकचं चिन्ह दाबा, सांगाडा तयार. मायएसक्यूएलच्या ५.७.२ आवृत्तीआधी एका प्रसंगाला एकच ट्रिगर चालायचा. आता हवे तितके लावा, कोण आधी नि कोण मागून हेही सांगता येतं. तेव्हा एका टेबलामागे लपवायची सोय आणखी वाढली.

सांगाड्याची पहिली ओळ बहुतेक जण वाचतच नाहीत. तिथे लिहिलेलं असतं, डिफायनर बरोबर करंट युजर. म्हणजे जो कोणी ती स्क्रिप्ट सर्व्हरवर चालवेल, ट्रिगर त्याच्या नावावर चढणार आणि पुढे कायम त्याच्याच अधिकारात चालणार. हा गृहस्थ दीड वर्षाने जास्त पगाराची ऑफर घेऊन रस्त्यापलीकडच्या कंपनीत जातो. निरोपाचा केक कापला जातो, लॅपटॉप जमा होतो, आणि संध्याकाळी त्याचं डेटाबेसवरचं खातं उडवलं जातं. मायएसक्यूएलच्या नव्या आवृत्त्या असं खातं उडवताना अडवतात. पण मोठे अधिकार असलेल्याला नुसता इशारा मिळतो, आणि इशारे वाचायला वेळ कुणाला आहे? दुसऱ्या दिवसाची पहिली ऑर्डर येते आणि एरर १४४९ आदळते: डिफायनर म्हणून दिलेला युजर अस्तित्वातच नाही. एररमध्ये कारण स्वच्छ लिहिलेलं असतं, तरी आधी नेटवर्कवाल्याला झोपेतून उठवतात, मग ॲपवाल्याला फैलावर घेतात. ऑर्डर टेबलाच्या डायग्रामकडे बघून उपयोग नसतो, तिथे सगळं आलबेल.

याहून मजा ऑडिटची. कोणती ओळ कोणी पुसली याची नोंद राहावी म्हणून ऑर्डरमधल्या वस्तूंच्या टेबलावर डिलीटनंतरचा ट्रिगर लावतात. त्याच मॉडेलमध्ये, त्याच हाताने, फॉरेन कीवर ‘ऑन डिलीट कॅस्केड’ निवडतात. मग मूळ ऑर्डर पुसली की तिच्या वस्तू आपोआप पुसल्या जातात आणि ट्रिगरला त्याचा पत्ताही लागत नाही. कॅस्केडने झालेल्या बदलांवर ट्रिगर चालत नाहीत, हे मायएसक्यूएल ८.० च्या मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलंय. ऑडिटचं टेबल कोरं करकरीत. ऑडिटर खूश, कारण गैरव्यवहाराची एकही नोंद नाही!

एसक्यूएल सर्व्हरवाल्यांनी फार हसू नये. तिथे ट्रिगर ओळीमागे नाही, स्टेटमेंटमागे एकदा चालतो, आणि तो लिहिणाऱ्याने मनात एकच ओळ धरलेली असते. पाचशे ओळींचं अपडेट मारलं की ट्रिगर एकीचं काम उरकतो आणि गप्प बसतो. चाचणी कायम एका ओळीवर केलेली, त्यामुळे ती पास.

ट्रिगर टाकाऊ आहे असं मुळीच नाही. नोंद ठेवायला, चुकीचा आकडा दारातच अडवायला त्याच्यासारखा भरवशाचा गडी नाही. ॲप कुठलंही असो, कॅस्केडसारखी पळवाट सोडली तर त्याला चुकवून आत येता येत नाही. पण धंद्याचे नियम, सवलती, कमिशन, साठ्याची वजाबाकी हे सगळं त्याच्या पोटात ढकलायचं आणि वर मॉडेल ‘संपूर्ण’ आहे म्हणून सही ठोकायची, ही शुद्ध लबाडी. टूलला दोष देऊ नका. डायग्रामवर दोन शब्द लिहायची सोय वर्कबेंचने केलेली आहे: डावीकडच्या पट्टीत टेक्स्टचं बटण आहे, ऑर्डरच्या चौकोनाशेजारी ‘इथून साठा कमी होतो’ एवढं लिहिलं की झालं. कोणी लिहीत नाही, चित्र बिघडतं म्हणे. शेजारचं इमेजचं बटण मात्र न चुकता वापरलं जातं. कोपऱ्यात कंपनीचा लोगो नको का?