गळ्यात पडलेली माळ

सोसायटीच्या वार्षिक सभेला मी दांडी मारली. जो हजर नाही त्यालाच सचिव करतात, हे लक्षातच आलं नाही. बायकोनं हसत हसत गावी फोन लावला, "अहो आई, ह्यांच्या गळ्यात माळ पडली!"

दहाव्या मिनिटाला आईचा मला फोन. "पांडुरंगानं ऐकलं बाबा! तुझ्या आजोबांमागं घरात माळ नव्हती. आता ते अंडं-मटण बंद हं." मी खुलासा करेपर्यंत तिनं चार गावांना कळवूनही टाकलं होतं. पुढच्या रविवारी मामाकडे जेवायला गेलो. पंक्तीत सगळ्यांच्या वाटीत तांबडा रस्सा, वर तर्री लकाकतेय. माझ्या वाटीत शेवग्याच्या शेंगांची आमटी. "माळकऱ्याचं ताट वेगळं वाढलंय," मामी कौतुकानं म्हणाली. मी सचिव झाल्याचं सांगितलं, तर म्हणाली, "तेही झालात का? बरं झालं."

आमटी ओरपताना 'माळ' या शब्दाचा राग आला. मूळ संस्कृत 'माला', पण मराठीत येऊन तिनं काय काय धंदे केले! ती गुंफणारा तो माळी. तो आता कांदा आणि कोबीही पिकवतो, तरी नाव फुलांचंच. फुलं केसांत 'माळतात', गळ्यात मात्र नुसती 'घालतात'. 'मालिका' म्हणजे खरं तर चिमुकली माळ. संध्याकाळी सात वाजता आमच्या घरी हे कुणाला पटवून बघा. नवरात्रात घटावर रोज कारळ्याच्या नाहीतर झेंडूच्या फुलांची माळ चढते, म्हणून आई तारीख सांगतच नाही. "पाचव्या माळेला ये" म्हणते, आणि मी बोटं मोजत बसतो. 'तो माळ' वेगळाच. तो उजाड, उंचावरचा. कालिदासाच्या 'मेघदूता'तही तो 'माल' म्हणून भेटतो. लिंग चुकलं की माणूस फुलांतून थेट कुसळांत.

फुलांतून मण्यांत जायची ही खोड एकट्या मराठीची नाही. इंग्रजांची 'रोझरी' मुळात लॅटिनमधली गुलाबाची बाग, आणि त्यांचा 'बीड' म्हणजे मणी, तो मुळात प्रार्थना! प्रार्थना मोजता मोजता नाव मण्याला चिकटलं. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळी 'तेर्स' म्हणतात. हा पोर्तुगीज शब्द. अर्थ, तिसरा हिस्सा. पूर्ण जपमाळेत 'नमो मारिये' 150 वेळा, त्यातल्या 50 चा तो तेर्स. 2002 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी जपात चिंतनासाठी आणखी पाच रहस्यं, म्हणजे आणखी 50 'नमो मारिये', सुचवली. ती धरली तर बेरीज होते 200, म्हणजे तिसऱ्याचा झाला चौथा हिस्सा. नाव तेर्सच. शब्द कधी हिशेब तपासून घेतात का? आमच्या सोसायटीसारखंच.

आपल्या जपमाळेत 108 मणी आणि वर एक मेरुमणी. तो ओलांडायचा नाही. तिथपर्यंत पोचलं की माळ उलटी फिरवायची. सचिवपदाला मेरुमणी नाही. पाण्याची टाकी, गळका पाइप, पार्किंग, पुन्हा टाकी. दिवसाला साधारण 108 फोन.

समितीची मुदत पाच वर्षं आहे. तोवर कुणीतरी माझ्या मामीला जरा समजावून सांगा.